हरिचंदची घरची वायर

आमच्या कळमनुरीत हरिचंद राठोड नावाचा एक माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. ज्या राजाचं नाव त्याला ठेवलं होतं, तो राजा खरं बोलण्यापायी राज्य घालवून बसला. आमच्या हरिचंदनं मात्र आठ वर्षं सगळ्या तालुक्याला एकच थाप मारली आणि ढेकर न देता पचवली. मी त्याला लबाड म्हणणार नाही. त्याच्या दुकानात मी रोज फुकटचा चहा प्यायलोय, तेव्हा तोंड जपून वापरलेलं बरं.

चौऱ्याण्णव साली एका सरकारी खात्यात ड्रायव्हरची भरती निघाली. हरिचंद तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि मामाचा ट्रॅक्टर झोपेतही सरळ रेषेत चालवायचा. गाडी चालवायच्या परीक्षेत तो पहिला आला आणि तरीही हात हलवत तांड्यावर परतला. बाप, रामसिंग, वाट बघत बसला होता. हरिचंदनं सांगितलं की साहेबानं पैसे मागितले, मी दिले नाहीत. नोकरी गेल्याचं दुःख रामसिंगला किती झालं ते माहीत नाही, पण त्याची छाती जी फुगली ती पुढं आठ वर्षं उतरली नाही. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, रामसिंग मधोमध बसून सांगायचा की माझ्या पोरानं लाच दिली न्हाई. त्याच साली त्यानं एक पांढरा आळशी बैल घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'साहेब'. त्या बैलाला तो जरा जास्तच मन लावून हाणायचा. एकदा तांड्यावर पाहणीला आलेले तलाठी 'चल रे साहेब, ऐतखाऊ' ऐकून जागीच थबकले होते.

हरिचंदनं मग नांदेडला सहा महिने कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला, लग्न केलं आणि स्टँडजवळ एक टपरीवजा दुकान टाकलं. पाटी त्यानं स्वतः रंगवली. लाल पाटीवर हिरवी अक्षरं होती आणि नुसतं बघून डोळे दुखायचे. पायात एक मोजा तांबडा आणि एक हिरवा घालून तो बँकेत गेला तरी लोक म्हणायचे, कॉम्प्युटरवाली माणसं अशीच असतात. आपल्या लोकांना एकदा माणूस हुशार आहे म्हणून सांगितलं की त्याच्या मोज्यापर्यंत सगळं हुशारीत जमा होतं.

त्याचं खरं नाव झालं ते 'घरच्या वायरी'मुळं. दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, म्हणजे इकडची फाइल तिकडं जाते, त्यासाठी एक राखाडी वायर लागते. तिच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा असतात, दोन-दोनच्या पिळ्यात. एक पूर्ण रंगाची, दुसरी त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. टोक सोलायचं, आठही तारा ठरलेल्या क्रमानं लावायच्या, प्लास्टिकच्या जॅकमध्ये सारायच्या आणि दाबायच्या. दुसऱ्या टोकाला पुन्हा तोच क्रम. दहा मिनिटांचं काम, पण हरिचंदनं ते गिऱ्हाइकासमोर कधीच केलं नाही. तो माप घ्यायचा, वायर तांड्यावर न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तयार करून आणायचा. काय सुबक टोकं असायची! लोक म्हणायचे, त्याच्याकडं नांदेडच्या गुरुजींचा गुपित फॉर्म्युला आहे. जवळा बाजारच्या एका आडत्यानं तर त्याच्या वायरीला हळदकुंकू लावून घेतलं होतं.

आता माझं सांगतो. मी संतराम, मूळचा कुरुंद्याचा. घरी शेती करायचा कंटाळा म्हणून एका ज्युनियर कॉलेजात कारकून झालो आणि तिथं शेतीपेक्षा जास्त चिखल तुडवला. दोन हजार दोन साली कॉलेजची नवी इमारत झाली आणि प्राचार्यांच्या केबिनसाठी नवा कॉम्प्युटर आला. संस्थाचालकांनी कोणा शास्त्र्याला विचारून तो ईशान्य कोपऱ्यात बसवला, पूजा घातली, नारळ फोडला. नारळाचं पाणी उडालं म्हणून कीबोर्ड दोन दिवस उन्हात ठेवावा लागला. आमचा जुना कॉम्प्युटर मात्र मैदानापलीकडच्या पत्र्याच्या ऑफिसात. त्याच्या फ्लॉपीच्या तोंडात एक पाल शिरून वारली होती, तेव्हापासून त्यात फ्लॉपी जात नव्हती, आणि त्या कॉम्प्युटरला जागचं हलवलं की तो रुसायचा. मागच्या वेळी नुसतं टेबल पुसायला सरकवला, तर चार दिवस चालू झाला नाही.

आणि बारावीच्या दोनशे बारा पोरांची यादी, फोटो आणि विषयांसकट, त्या म्हाताऱ्याच्या पोटात. ती नव्या कॉम्प्युटरवर न्यायची, कागदावर छापायची, फ्लॉपीवर घ्यायची आणि हिंगोलीला संकलन केंद्रात पाचच्या आत पोचवायची होती. ती शेवटची तारीख होती. चुकली तर दोनशे बारा लेकरांचं वर्ष बुडणार. मी महिनाभर घसा फोडून सांगत होतो, पण प्राचार्य नव्या केबिनचा मुहूर्त बघत बसले. मी म्हटलं, नवा कॉम्प्युटर उचलून पत्र्याच्या ऑफिसात नेतो, दहा मिनिटांत काम होईल. प्राचार्य म्हणाले, पूजा झालेली वस्तू हलवता येत नाही. विज्ञान शाखेचे प्राचार्य होते ते, हे आवर्जून सांगतो.

म्हणून हरिचंदला बोलावलं. त्यानं आदल्या दिवशीच सत्तर मीटर वायर घरून तयार करून आणली. सकाळी दहाला आम्ही ती पत्र्यावरून, लिंबाच्या फांदीवरून, खिडकीतून केबिनपर्यंत ओढली. नव्या कॉम्प्युटरशेजारी हब नावाची एक डबी ठेवली, त्यात टोक खुपसलं आणि डबीवर दिवा लागला. शकुन म्हणून हरिचंदनं आधी गणपतीचं एक छोटं चित्र पाठवलं. ते आलं. प्राचार्यांनी पडद्याला हात जोडले. मग यादी पाठवली. पट्टी थोडी सरकली आणि थांबली. पुन्हा पाठवली, पुन्हा थांबली. साडेअकरापर्यंत चौदा वेळा पाठवली. गणपती दर वेळी यायचा, यादी यायची नाही.

मी म्हटलं, टोक कापून नवं बसव ना. त्यावर तो वायर घरी न्यावी लागेल म्हणाला. माझं डोकं फिरलं. पोरांचं वर्ष जातंय आणि याला घरचं गुपित सुचतंय. मी त्याला लिंबाखाली ओढत नेलं आणि नाही नाही ते बोललो. तो खाली बसला, जराशानं मान वर करून म्हणाला, "संतरामभाऊ, मला हिरवं न् तांबडं वेगळं दिसत न्हाई. नारंगी दिसत न्हाई. वायर रूपा करते."

मग त्यानं सगळं ओकलं. भरतीत डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं होतं. ठिपक्यांत आकडा दडलेला असतो म्हणे. बाकीची पोरं धडाधडा आकडे वाचत होती, आणि यानं डॉक्टरांना सांगितलं, साहेब, तुमच्या पानाची छपाई बिघडलीय. त्याला तिथंच बाद केलं. कोणी पैसे मागितले नव्हते. पण तांड्यावर काय सांगायचं? बाप दारात बसलेला, डोळे म्हणावेत तर धडधाकट. तोंडातून लाच निघून गेली, आणि बापाला ती एवढी गोड लागली की परत काढता येईना. रूपाबाईला लग्नानंतर महिनाभरात कळलं, कारण त्यानं तिला कच्चे टोमॅटो पिकले म्हणून आणून दिले. तेव्हापासून तारा तीच लावते. कांचळीवर, म्हणजे त्यांच्या चोळीवर, भरतकाम करणारा हात, आठ रंग म्हणजे तिला पोरखेळ.

"तिला घेऊन या," तो म्हणाला, "पण बाप येता कामा न्हाई. त्यायला कळलं तर माझ्याजवळ काय राहिलं?"

मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. लुना काढली आणि पाच किलोमीटरवरचा तांडा गाठला. रूपाबाई शेणी थापत होती. निरोप ऐकून तिनं हात धुतले, कात्री घेतली, निघाली. आणि लुनापाशी येऊन थांबली. परक्या पुरुषामागं तांड्यातून बसून जाणं तिला शोभणारं नव्हतं, आणि मला ते कुरुंद्यात शोभलं नसतं तर इथं कसं शोभेल? तेवढ्यात गोठ्यातून रामसिंग आला. काय झालं, काहून नेऊन राहिले सुनेला? माझ्या तोंडून निघालं, हरिचंदच्या हाताला लागलंय. झालं. खोट्याची लागण अशी होते. म्हातारा म्हणाला, मंग मी बी येतो. काळीपिवळी जीप थांबवली, सासरा पुढं, सून मागं, आणि मी लुनावर धुरळा खात त्यांच्या पाठीमागं.

आधी पोचायचा प्रयत्न केला, पण लुनाला तेवढी इभ्रत नव्हती. तरी केबिनच्या दारात मी हरिचंदला डोळा मारून हाताकडं बोट केलं आणि त्यानं उजव्या हाताला रुमाल गुंडाळला. रामसिंग खोलीच्या बरोबर मधे खुर्चीत बसला. रूपाबाई एका भिंतीशी पदर ओढून खाली बसली, हरिचंद दुसऱ्या भिंतीशी. सासऱ्यासमोर ती नवऱ्याशी बोलणार नाही, ही त्यांची रीत. मग त्याला काही विचारायचं तर ती मला विचारायची, मी त्याला, तो मला, मी तिला. सत्तर मीटर वायर पडून होती आणि मधली डबी मी झालो होतो.

टोक कापायच्या आधी मी हरिचंदच्या वहीतलं कोर्सचं पान मागितलं. त्यावर क्रम लिहिलेला होता. त्या पानावर चार वर्षांत कोणाची नजर पडली नव्हती. त्यानं एकदा वाचून दाखवलं, तिनं पाठ केलं, संपलं. मी एकेक वाचत जॅकमधून दिसणाऱ्या तारा बघायला लागलो. पांढरी-नारंगी, बराबर. नारंगी, बराबर. पांढरी-हिरवी, बराबर. चौथी निळी. आणि वायरीत चौथी होती हिरवी.

मी म्हटलं, वहिनी, इथं निळी पाहिजे. पानावर हिरवी थेट सहावी आहे.

तिनं पदराआडून शांतपणे सांगितलं, "ते मी जाणूनबुजून केलं. पिळ्यातून निघताना दोघं जोडीनं निघतात, नवरा-बायको. नारंगीचं जोडपं शेजारी बसवलं, तपकिरीचं बसवलं, मंग हिरव्यानंच काय पाप केलं? त्यायच्या मधी निळी दोघं काहून घुसवायची? मला बघवलं न्हाई. मी सारखं केलं."

चार वर्षं! तालुक्यातल्या झाडून सगळ्या वायरी या बाईनं दयेपोटी चुकीच्या बनवल्या होत्या. टेबलावरून टेबलावर जायच्या त्या, दोन-तीन मीटरच्या, म्हणून खपून गेल्या. सत्तर मीटरवर पितळ उघडं पडलं. हरिचंदला आत्ता कोर्स आठवला. तीन नंबरची आणि सहा नंबरची तार एकाच कामावर असते, ती एकाच पिळ्यातली पाहिजे, नाहीतर लांबवर जाताना गडबड होते. म्हणजे रूपाबाईनं जोडपी शेजारी बसवली खरी, पण कामाला एकाची बायको आणि दुसऱ्याचा नवरा पाठवला होता. मला हसू दाबवेना.

नेमके त्याच वेळी प्राचार्य दारात. त्यांनी 'जाणूनबुजून' एवढंच ऐकलं होतं. त्यांचा आवाज चढला. दोनशे बारा मुलांचं वर्ष एका अडाणी बाईच्या हातात दिलं, या बाईला मशिनीला हात लावू दिलाच कोणी, हिला आधी बाहेर काढा, नांदेडहून माणूस बोलवा. रूपाबाईनं कात्री खाली ठेवली. पदर आणखी पुढं आला. मला वाटलं, हरिचंद आता म्हणेल, हिनंच घोळ केला. म्हटलं असतं तर खोटं नव्हतं. बापासमोरची अब्रू वाचली असती आणि घरात एक भांडण, एवढ्यावर भागलं असतं.

हरिचंद उठला. हाताचा रुमाल सोडून खिशात घातला. "सर, तिला बोलू नका," तो म्हणाला. "वायर माझं काम हाये. मला रंग दिसत न्हाईत म्हणून ती करते. चार साल माझी लाज तिनं झाकली. पान वाचून बघायचं माझं काम व्हतं, ते मी केलं न्हाई."

रामसिंगनं मुलाच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"मंग त्या साहेबानं पैसे मागितले व्हते, ते?"

"न्हाई मागितले, बा."

प्राचार्यांना यातलं काही कळलं नाही, आणि ज्याला कळत नाही तो गप्प बसतो म्हणून ते गप्प बसले. मग म्हाताऱ्यानं सुनेकडं न बघता, माझ्याकडं तोंड करून सांगितलं, "तिला म्हणाव, पोरायचं वर्ष जाऊन राहिलं. हात चालव."

तरी ती थबकली. मी हिरवी उचलून सहाव्या जागी दाखवली तर तिचं मन होईना. मग तिनं डोकं जरा वर केलं. पलीकडच्या भिंतीशी नवरा, अलीकडच्या भिंतीशी आपण, मधे खुर्चीत सासरा. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "म्हंजी निळे सासू-सासरे व्हय? असं आधी सांगायचं न्हाई का. बसायला लांब, कामाला जोडीनं." आणि इथलं नि पत्र्याच्या ऑफिसातलं, दोन्ही टोकं तिनं दहा मिनिटांत उडवली. पान मी मोठ्यानं वाचत होतो, पण तिला त्याची गरज राहिली नव्हती.

या वेळी गणपती पाठवला नाही. सरळ यादी पाठवली. पट्टी सरकली, सरकत राहिली, आणि शेवटाला जाऊन नाहीशी झाली. दोनशे बारा. मी उघडून मोजले आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्य म्हणाले, मुहूर्त चांगला होता. छपाई, शिक्का, फ्लॉपी करून मी चारला निघालो आणि पाचला दहा कमी असताना हिंगोलीत खिडकीवर कागद टाकले. परत आलो तेव्हा वायर गुंडाळून ठेवली होती. हरिचंद आणि रूपाबाई जीपनं गेले होते. रामसिंग त्यांच्यासोबत बसला नव्हता, पायी गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या पांढऱ्या बैलाचं नाव 'साहेब' राहिलं नाही. रामसिंगनं ते बदललं आणि 'हरिचंद' ठेवलं. आता 'चल रे हरिचंद, ऐतखाऊ' म्हणून काठी बसायची, तीही पोरगं ओट्यावर जेवत असताना. हरिचंद मान खाली घालून भाकरी मोडायचा. लग्नकार्यात रामसिंग अजूनही मधोमध बसायचा, पण आता तो सुनेचं सांगायचा, दोनशे बारा लेकरायचं वर्ष कसं वाचवलं ते. वर्ष धोक्यात कोणामुळं आलं, हे त्यात नसायचं. मी एकदा आठवण करून दिली तर त्यानं माझ्या ताटातली बुंदी काढून घेतली.

हे दीड वर्ष चाललं. मग हिंगोलीत एका इमारतीत वायरी टाकायला पुण्याचा एक ठेकेदार आला. त्यानं रूपाबाईनं केलेली टोकं बघितली आणि शोधत शोधत हरिचंदच्या दुकानात पोचला. आता दुकानात तारा सगळ्यांसमोर लावल्या जात आणि रूपाबाईच लावत असे, पण त्या दिवशी ती माहेरी गेली होती. दुकानात मी होतो, आणि काही निमित्त काढून आलेला रामसिंग होता. ठेकेदारानं पुण्यात काम देऊ केलं. राहायला खोली, कायमचं काम, उद्याच चला. असं बोलावणं आमच्या गावात कोणाला आलं नव्हतं. हरिचंदनं नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. मी रामसिंगकडं बघितलं, तो डोळे न मिटता पोराकडं बघत होता.

हरिचंद म्हणाला, "मला एकट्याला येता येत न्हाई. बायकोबिगर माझं काम होत न्हाई."

ठेकेदार खो-खो हसला. इतका बायकोवेडा माणूस त्यानं मराठवाड्यात बघितला नव्हता म्हणे. मी सांगणार होतो, पण हरिचंदनंच सांगितलं. रंग दिसत नाहीत, टोकं तिची आहेत, न्यायचं तर दोघांना न्या आणि कामावर दोघांची नावं लावा. ठेकेदाराचं हसू आटलं. विचार करून कळवतो म्हणाला आणि गेला. पुढं त्यानं कळवलं नाही.

रामसिंगचा चहा थंड झाला, त्यानं घेतला नाही. मग टोपी झटकून उठला आणि तांड्याकडं निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुनावरून त्याच्या शेताजवळून चाललो होतो. म्हातारा औत धरून होता आणि बैल नेहमीसारखा अडून उभा होता. रामसिंगनं काठी उगारली, थोडा थांबला आणि म्हणाला, "चल रे, पांढऱ्या."